वाळवंटातल्या दगडावर आपली मराठी

मंडळी, आत्ताच मोटेलवर पोचलोय. बोटं अजून बधिर आहेत, तरी टाइप करतोय, कारण डोकं फिरलंय.

डॅलसहून मी आणि बायको, मनीषा, युटाच्या वाळवंटात विंटर कॅम्पिंगला आलोय. सकाळी तंबूतल्या पाण्याच्या बाटल्यांचा बर्फ झाला होता. इथल्या कॅन्यनमध्ये आदिवासींनी हजारेक वर्षांपूर्वी काढलेली चित्रं आहेत, ती शोधायची होती. आज दुपारी सापडली. लाल रंगात उमटवलेले तळहात, त्यातला एक लहान मुलाचा.

आणि त्या चिमुकल्या हातावरच खरवडलेलं, चक्क देवनागरीत: 'नितीन, मेघा, नागपूर'. मधे बाण घुसलेला बदाम.

मनीषाने ते दोनदा वाचलं. "यार, गडकिल्ले पुरले नाहीत का?"

तेवढ्यात मागून एक अमेरिकन आजी आल्या. अगदी हरखून विचारलं, "ही कुठली प्राचीन लिपी? तुम्हाला वाचता येते?"

"नाही," मी म्हणालो.

आजींनी त्याचाही फोटो काढला. लांबूनच, दगडाला हात न लावता.

ते पुसताही येत नाही हो. घासलं, तर त्या मुलाचा हातही जाईल. तुम्ही असतात, तर आजींना काय सांगितलं असतंत?