दिवाळीची शेवंती मे महिन्यात

मे महिन्याचा शेवटचा रविवार. इथे ऑस्ट्रेलियात, पॉइंट कुकला, सकाळी आठ डिग्री, वर वारा.

मंडळी, माझ्या बायकोने, सुनीताने, गेल्या ऑगस्टमध्ये दिवाळीच्या पूजेसाठी मागच्या अंगणात शेवंती लावली होती. दिवाळीला एक फूल आलं नाही. "ऑस्ट्रेलियात येऊन आळशी झालीय, तुझ्यासारखी," सुनीता म्हणाली होती. फेब्रुवारीत सुनीता वारली. त्यानंतर मी अंगणात फिरकलोच नाही.

आज ते झुडूप उपटायचं ठरवून फावडं घेऊन गेलो. शेजारच्या जोनआजींनी कुंपणावरून हटकलं.

"थांब मेट, काय करतोस? कळ्या बघ आधी."

"ही फुलत नाही, आजी. दिवाळीला वाट बघून झाली."

"ऑक्टोबरात? तेव्हा कशी फुलेल? दिवस लहान झाले की फुलते ती. इथे ते आत्ता होतात."

वाकून बघितलं. कळ्याच कळ्या, आणि एक पिवळं फूल उघडलेलं. आम्ही दोघं इंजिनिअर, पण शेवंती पुण्याच्या कॅलेंडरवर फुलेल असं धरून बसलो होतो. सुनीता असती तर पोट धरून हसली असती. मी हसलो, बऱ्याच दिवसांनी.

तुमच्याकडे या थंडीत अजून काय फुललंय? सांगा, अंगणात जागा आहे.

फावडं पुसून गॅरेजमध्ये परत टांगलं.