काकूंचं वाक्य

माझं वाक्य मध्येच अडलं की काकू पेन्सिल वर धरायच्या आणि विचारायच्या, ‘‘पुढे, सर?’’

वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, पण ‘सर’ काही सोडलं नाही. नगरच्या कोर्टात तीस वर्षं लघुलेखिका होत्या. नवरा गेल्यावर अमेरिकेत, शॉमबर्गला मुलाकडे आल्या, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं, टायपिंग बंद पडलं आणि मराठी पुस्तक अर्ध्यावर राहिलं. ‘‘तुम्ही सांगा, मी घेते उतरवून. घरी बसून करू काय?’’ म्हणाल्या.

पुस्तकाचा विषय होता सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती धर्मग्रंथ आणि गुलाम. तेव्हा सांगणारा एक असे आणि लिहिणारा दुसरा; तो लिहिणारा पुष्कळदा कुणाचा तरी गुलाम. काकू स्वतः ख्रिस्ती, रविवारची प्रार्थना न चुकवणाऱ्या. त्या दुखावतील अशी मला धाकधूक होती.

एकदा मी सांगितलं, ‘‘या दासांनी मजकूर फक्त उतरवून घेतला.’’

पेन्सिल थांबली.

‘‘फक्त?’’ काकू हसल्या. ‘‘आमचे जज्जसाहेब अर्धं वाक्य बोलून चष्मा पुसत बसायचे. उरलेलं अर्धं कोण लिहायचं?’’

मी दोन प्रकरणं नव्याने सांगितली.

मग दासांनी मालकाच्या आज्ञेत राहावं, असं बजावणाऱ्या मजकुराचं प्रकरण आलं. काकूंनी ते उतरवून घेतलं आणि पेन्सिल खाली ठेवली. ‘‘सर, सांगणारा सांगून मोकळा झाला. पण लिहिणारा स्वतःच गुलाम असेल, तर हे लिहिताना त्याचा हात कसा चालला असेल?’’

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न त्यांना सांगितला, माझ्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य म्हणून. त्यांनी मान खाली घालून तो लिहून घेतला.

पुस्तक निघालं. ऋणनिर्देशात ग्रंथपाल होते, प्रकाशक होते, खांद्याला व्यायाम देणारा माणूससुद्धा होता. काकू नव्हत्या. राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं. तुम्ही विश्वास ठेवू नका. त्यांचं नाव घातलं असतं, तर ते वाक्य कुणाचं हेही सांगावं लागलं असतं.

पुढे पुस्तकावरच्या कार्यक्रमात पीएचडी करणारी एक मुलगी उठली. ‘‘सर, ते हाताबद्दलचं वाक्य वाचून मी अक्षरशः रडले. कसं सुचलं तुम्हाला?’’

काकू तिसऱ्या रांगेत होत्या. मी माइक जवळ ओढला. ‘‘लिहिता लिहिता सुचलं.’’

टाळ्या पडल्या. काकूंनीही वाजवल्या.

महिन्याभराने त्यांच्या घरी गेलो. मुलाला दूर दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला नोकरी लागली होती. काकू भांडी कागदात गुंडाळत होत्या.

‘‘काकू, ते वाक्य तुमचं होतं.’’

‘‘माहीत आहे की मला.’’ हातातली वाटी त्यांनी नीट खोक्यात ठेवली. ‘‘हे मला कशाला सांगताय, सर? तेव्हा हॉलभर माणसं बसली होती.’’

मग चहा टाकला. बिनसाखरेचा, मला लागतो तसा. तो संपेपर्यंत मला मान वर करता आली नाही.

हे लिहायला घेण्याआधी मी मॉरिसव्हिलला फोन केला. ‘‘या वेळी तुमचं नाव घालतो, काकू. पूर्ण नाव.’’

‘‘आता नको, सर.’’

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मागून नातीची हाक आली, ‘‘आजी, वी आर लेट!’’ आणि ‘‘आले गं,’’ म्हणत काकूंनी फोन ठेवला.