लाँचमधला समेट

बेटावरची माणसं मान द्यायला कधी हात आखडत नाहीत. त्या मानानंच बाईंचा घात केला.

बाई म्हणजे कोर्टाच्या बाई, कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक. कोर्ट पलीकडच्या किनाऱ्यावर. सकाळी सातला बेटावरून एकच लाँच सुटते आणि तीच दुपारी चारला परत निघते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी लाँचवाल्या काकांनी त्यांना वर, केबिनमध्ये आपल्या शेजारी बसवलं होतं. "आपल्या बेटाची लेक कोर्टात बसणार, ती काय खाली टोपल्यांत बसेल?" तेव्हापासून सतरा वर्षं ती जागा बाईंची. पुढे काकूंनी त्या जागेसाठी उशीही शिवून दिली.

बाईंची खोली कोर्टाच्या जिन्याखाली. एक टेबल, तीन खुर्च्या आणि मुलांसाठी लाकडी प्राण्यांचा डबा, त्यातल्या हत्तीला तीनच पाय. बाई आधी बायकोशी एकटीशी बोलत, मग नवऱ्याशी, मग दोघांशी. घाई नाही की आवाज चढवणं नाही. बेटावरची भांडणं हटकून मिटत. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त समेट घडवले म्हणून त्यांना ढाल मिळाली. "माझ्या खोलीत आलं की आग विझते," असं त्या चारचौघांत सांगत. सांगणारच! कौतुक कुणाला कडू लागतं?

त्या सकाळी केबिनला रंग दिला होता. काका ओशाळून म्हणाले, "आजच्या दिवस खाली बसाल का, बाई?"

बाई खाली गेल्या. वारा झोंबत होता म्हणून डोक्यावरून पदर घेतला आणि बर्फाच्या पेट्यांआड टेकल्या. पलीकडच्या बाकावर शिंपीण होती. हाताला प्लास्टर. अकरा वाजता तिचीच तारीख. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला दीर, आणि समोर सासू. शिंपिणीची पाच वर्षांची मुलगी सासूच्या मांडीवर घट्ट धरलेली.

"आजी, मला आईकडे जायचंय."

"जाशील गं. आई शहाण्यासारखी सही करेल, मग जाशील."

दीर म्हणाला, "वहिनी, त्या बाई विचारतील, कुणाचा दबाव आहे का? काय सांगायचं?"

"कुणाचाच नाही."

"जरा मोठ्यानं. पोटात अन्न नाही का?"

"कुणाचाच नाही!"

अख्ख्या लाँचनं ऐकलं आणि एकानंही मान वळवली नाही. बाईंच्या शेजारची मासेवाली सुपारी कातरत पुटपुटली, "तारीख असली की ही शाळा भरतेच."

बाईंचे कान तापले. तो प्रश्न त्यांचा होता, त्यांच्या फॉर्मवरचा, शब्द न् शब्द. त्या वर उशीवर बसून काकांशी वाऱ्यापावसाच्या गप्पा मारत होत्या, आणि पायाखाली त्यांच्या प्रश्नांची उत्तरं घोटून घेतली जात होती. आणि त्या शाळेची ढाल बाईंच्या भिंतीवर!

अकरा वाजता शिंपीण खोलीत आली. बसायच्या आधीच म्हणाली, "मला नांदायचंय, बाई. कुणाचा दबाव नाही."

"पाठ झालंय चांगलं. सकाळी मीही ऐकलं. बर्फाच्या पेट्यांमागे होते."

शिंपीण प्लास्टरची कड नखानं उकरू लागली. मग बोलली ते चढ्या आवाजात. "ऐकलंत ना? मग आधी माझी पोर माझ्या हातात द्या. तुमचे प्रश्न मागाहून विचारा."

बाईंनी समेटाचा कोरा कागद उचलला आणि तडक न्यायाधीशांपुढे गेल्या.

"दोघंही राजी आहेत ना? मग अडलं कुठं?" न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, आपण दोघांना एकच तारीख आणि एकच वेळ देतो. बेटावरून लाँचही एकच. मारणारा आणि मार खाणारी दीड तास खेटून बसून येतात. समेट तिथंच उरकतो. मी इथं नुसता शिक्का मारते. आज मारणार नाही."

"सतरा वर्षांत हे आज कळलं तुम्हाला?"

"आज कळलं. लाज वाटते. तेही लिहून घ्या."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मुलीला आत बोलावून तिच्याशी बोलले आणि शिंपिणीला बोलतं करून तिच्या भावाचा पत्ता लिहून घेतला. तासाभरानं हुकूम झाला. पुढच्या तारखेपर्यंत मुलगी आईकडे, दोघींचा मुक्काम बेटावरच, मामाच्या घरी. आणि बेटावरच्या नवराबायकोला यापुढे वेगवेगळे दिवस.

सासूनं व्हरांडाभर आकांत मांडला. "घर फोडलंस गं माझं!"

"हात तिचा फोडलात तेव्हा घर शाबूत होतं का?" बाई कडाडल्या. सतरा वर्षांत कोर्टात त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. शिपायानं हातातला चहा तसाच खाली ठेवला.

चारच्या लाँचवर काका हसून म्हणाले, "रंग वाळला, बाई. या वर."

"नको, काका. खालीच बरी."

सासरची मंडळी एका टोकाला धुमसत बसली होती. दुसऱ्या टोकाला शिंपीण आणि मांडीवर झोपलेली पोर. बाई मधल्या बाकावर बसल्या, सगळ्यांना दिसतील अशा. शेजारी पुन्हा मासेवालीच.

"आज हिच्यासाठी खाली उतरलात," ती म्हणाली. "माझ्या वेळी वर होतात."

बाईंना तिचा समेटाचा कागद आठवला. अकरा वर्षांपूर्वीचा. त्या फाइलीवर त्यांनी भांडण मिटल्याची हिरवी फीत हौसेनं बांधली होती.

"चुकलं माझं. उद्या सुट्टी आहे. घरी येते. नवा अर्ज लिहू."

"अर्जानं दात परत येतात?" मासेवालीनं ओठ वर केला. पुढचे दोन नव्हते.

"नाही येत."

"मग?"

बाईंनी पर्समधून वही काढली आणि उद्याच्या तारखेखाली तिचं नाव लिहिलं.

मासेवालीनं रिकामी टोपली पायानं बाजूला सारली. "दहाच्या आत या. तो दहाला उठतो."