बर्फाच्या कप्प्यातलं औषध

वाटूरच्या दैवशालाला लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. नवस-सायास झाले, झाडपाला झाला, शेवटी जालन्याच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पोटात हार्मोनचं इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे स्त्रीबीजं वाढतील. औषध पेनासारख्या नळीत होतं. मागची चकती फिरवून मात्रा लावायची आणि टोचायचं. "फ्रिजमध्ये ठेवा," नर्सने बजावलं होतं.

अडचण तिथंच होती. पाळीत दैवशाला बाजूला बसायची. फ्रिज स्वयंपाकघरात आणि त्याला लागून देव. तेव्हा पेन आणून द्यायचं काम सासूने, गोजरबाईंनी, आपल्याकडे घेतलं. त्या ते बऱ्याच आधी बाहेर काढत आणि पदरात गुंडाळून ओसरीवर बसत. गार औषधाने सुनेला कळ लागू नये, एवढीच काळजी. मग नवरा, सोमेश्वर, मात्रा लावून टोचायचा.

शेजारची साळूबाई एकदा म्हणाली, "सुनंला दिवस जायच्या आधीच नातू मांडीवर घेतला व्हय, गोजरबाई?"

"घेतला तर घेतला. तुला काऊन जड व्हतंय?"

दैवशाला बाजूच्या खोलीत हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात मुलाच्या नावाने कुणी थट्टा केली होती.

पाचव्या दिवशी न्हाऊन तिने स्वतः फ्रिज उघडला. पेन कुठल्याच फळीवर नव्हतं. ते वर, बर्फाच्या कप्प्यात सापडलं. बोटांना चिकटण्याइतकं थिजलेलं.

"आत्याबाई, हे हितं कुणी ठिवलं?"

"मीच की. लाइट सारखी जाती. खाली गरम व्हईल म्हनून पैल्यापासून तिथंच ठिवून राह्यले."

दैवशालाला रागावताही येईना. दुसऱ्या दिवशी दोघी जालन्याला गेल्या. डॉक्टर कल्याणी मॅडमनी सोनोग्राफी केली. बीजं होती तेवढीच होती.

"मग डोस वाढवा ना, मॅडम," दैवशाला म्हणाली.

"कशावरून वाढवू? गोठलं की हे औषध बिघडतं. पोटात गेलं त्यातलं किती लागू पडलं, तेच कळायला मार्ग नाही. हा महिना सोडून देऊ. पुढच्या पाळीला पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे औषध बिघडलं म्हणूनच वाढली नाहीत?"

मॅडम म्हणाल्या, "तसं असेल. किंवा चांगल्या औषधालाही तुमच्या शरीराने दाद दिली नसती. आता खात्रीने नाही सांगता येणार."

कोपऱ्यातल्या स्टुलावर गोजरबाई सगळं ऐकत होत्या. बाहेर ऑटोची वाट पाहताना त्यांनी दैवशालाचा दंड धरला.

"माझ्यापायी गेलं का गं?"

नाही म्हणावं, तर दोष आपल्याच पोटावर येतो. हो म्हणावं, तर ही बाई आयुष्यभर स्वतःला खात बसेल. आणि खरं काय, ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं.

"मला ठावं न्हाई, आत्याबाई."

"व्हय म्हन, न्हाईतर न्हाई म्हन. असं मधीच नको ठिवू मला."

ऑटो येऊन थांबला, तरी दोघी तशाच उभ्या होत्या.