हातांनी बोलणारी मॅडम

मंगळवार होता. मी शाळेत खिचडी चाखत होतो. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायची, असा नियम आहे. मीठ कमी होतं, तेच सांगत होतो, तेवढ्यात फोन वाजला. माझी बायको मीनल रानशेतच्या एका पाड्यावर जाताना रस्त्यातच कोसळली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. सांगणारे तिच्या ऑफिसचे साहेब खरोखर हळहळले. मग म्हणाले, "सर, उद्याच्या ट्रेनिंगला मॅडमच्या जागी कुणाला पाठवू?"

शाळेतल्या माणसांकडे किस्से असेच साठत जातात. वेगळे जमवावे लागत नाहीत.

मीनल फिरती विशेष शिक्षिका होती. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर दिव्यांग मुलांच्या घरी जाऊन शिकवायची. त्या दिवशी ती वनशीकडे निघाली होती. वनशी जन्मापासून बहिरी. तिच्याशी खुणांच्या भाषेत बोलणारी मीनल एकटीच. वनशीच्या आजीला त्या खुणा शिकवायला तिने नुकतीच सुरुवात केली होती.

*

वनशीला कानांच्या तपासणीला नेलं, तो किस्सा मीनल स्वतः सांगायची. बाहेर बाकांवर सगळी बहिरी मुलं बसलेली आणि दारातला माणूस एकेकाचं नाव पुकारतोय! मीनल पाण्याची बाटली भरायला गेली होती. तेवढ्यात वनशीचं नाव दोनदा पुकारून झालं आणि नावापुढे 'गैरहजर' पडलं.

मीनल त्याला म्हणाली, "भाऊ, तिने ओ दिली असती तर मी तिला घेऊन इथे आलेच नसते."

तो म्हणाला, "बरोबर आहे मॅडम. पण आता पुढच्या शिबिराला या."

*

पुढच्या शिबिरातून श्रवणयंत्र मिळालं. काही दिवसांनी मीनल पाड्यावर गेली, तर वनशीचा कान रिकामा. आजीने यंत्र फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेलं.

"लग्नाला घालते ना तिला," आजी म्हणाली. "रोज घातलं तर झिजंल."

मीनलने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो. मग ती न जेवता झोपली.

*

एकदा मुंबईहून दोन संशोधक आले. मुलांच्या शिक्षणात घरच्यांचा सहभाग किती, हा विषय. मीनल त्यांना घेऊन वनशीच्या घरी गेली. पहिला प्रश्न होता, वडील मुलीचा अभ्यास घेतात का?

वनशीचा बाप गुजरातच्या बोटीवर खलाशी. पाऊस ओसरला की जातो तो उन्हाळ्यातच परततो. नशिबाने त्याचा फोन लागला. वनशीच्या आईने स्पीकर लावला आणि पोरीचा अभ्यास घेता काय, म्हणून विचारतात, असं ओरडून सांगितलं.

वाऱ्याच्या आवाजातून उत्तर आलं, "घेतो ना. रेंज आली की फोनवर तिला मासे दाखवतो, ती बोटांवर मोजते."

संशोधक बाईंनी पेन थांबवलं आणि मीनलला विचारलं, हे 'हो' मध्ये घेऊ की 'नाही' मध्ये?

मीनल म्हणाली, "समुद्रासाठी वेगळा रकाना नाही का?"

नव्हता. त्यांनी 'नाही' वर खूण केली.

*

मीनलच्या शोकसभेत भाषणं चांगली झाली. मॅडमचं कार्य पुढे नेऊ, असं प्रत्येकजण म्हणाला. चहाच्या वेळी मी साहेबांना विचारलं, वनशीकडे आता कोण जाणार?

"सर, पद रिक्त आहे," ते समजुतीने म्हणाले. "रिक्त पदाला काम कसं लावणार?"

*

तेराव्याला वनशीची आजी तिला घेऊन नरपडला आमच्या घरी आली. घरातली कामं टाकून, दोन गाड्या बदलून. खोली माणसांनी भरलेली होती. समोर मीनलचा फोटो, फोटोला हार, बाजूला ताटात पेढे.

वनशीने फोटो पाहिला आणि तिचा चेहरा फुलला. पाड्यावरच्या शाळेत फोटोला हार घालतात तो कार्यक्रमाचा दिवस असतो. त्या दिवशी टाळ्या होतात, खाऊ मिळतो. तिने दोन्ही हात डोक्यावर उंच धरले आणि पंजे जोरजोरात हलवले. बहिऱ्यांनी टाळ्या अशा वाजवायच्या, हे मीनलनेच तिला शिकवलं होतं.

वनशी आमच्याकडे बघत राहिली, आम्ही का टाळ्या वाजवत नाही म्हणून. मग ती आतल्या खोलीत डोकावून आली, स्वयंपाकघरात जाऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिने हातांनी काहीतरी विचारलं.

"तुमी सांगा गुरुजी," आजी म्हणाली. "मला येवढं नाय शिकवलं मॅडमनी."

मलाही येत नव्हतं. मी तिच्या हातावर पेढा ठेवला.

वनशीला अजून कुणी सांगितलेलं नाही.