टीव्ही न्हाई, बाबा

‘टीव्ही न्हाई, बाबा. स्कोप म्हण.’

हे म्हणताना सरांचं बोट हवेत डावीकडून उजवीकडे सरकायचं. एका चालीनं, न अडखळता. उजव्या टोकाला पोचलं की हात झटक्यात पाठीमागे जायचा, आणि पुन्हा दिसायचा तो थेट डावीकडे. मध्ये तो परत कधी आला, हे इतकी वर्षं शेजारी उभं राहूनही मला कधी टिपता आलं नाही. तुम्हीही तिथे असतात तर तुम्हालाही आलं नसतं.

हे वाक्य त्यांच्या तोंडी बसवलं मीच. जालन्याच्या एमआयडीसीला लागून आमचं तंत्रनिकेतन. सर तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि मी प्रयोगशाळेत नवा साहाय्यक. पहिल्याच दिवशी ऑसिलोस्कोपचं, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या खोक्याचं, एक बटण मी उगाच शेवटपर्यंत पिळलं. पडद्यावरची हिरवी लाट गडप झाली. मग घरी जे करायचो तेच केलं. खोक्याच्या डोक्यावर एक थाप हाणली आणि भर वर्गात जाहीर केलं, ‘सर, टीव्ही बंद पडला.’

पोरं खिदळली. सर मात्र हसले नाहीत.

‘टीव्ही न्हाई, बाबा. स्कोप म्हण. आन् बंद न्हाई पडला, वाट पाहून राह्यला.’

‘कुणाची?’

‘लाटेची. हे बघ, आत फक्त एक ठिपका हाय. टाकीला एका धारेचा नळ लावला की पाणी कसं सारखं चढतं? तसं आत एका कपॅसिटरवर व्होल्टेज चढतं आन् ठिपक्याला उजवीकडं ढकलत नेतं. टाकी भरली की बुडाचं बूच काढायचं. व्होल्टेज धपकन खाली, ठिपका परत डावीकडं.’

‘परत जाताना तर दिसत नाही.’

‘तेवढ्यापुरता उजेड बंद करतात. परत येणाऱ्याकडं बघायचं नसतं.’

‘मग लाट एका जागी उभी कशी राहते?’

‘ती कुठं उभी राह्यली? ती पळूनच राह्यली. आपण दर खेपेला तिच्या एकाच जागेवरून निघतो, म्हणून उभी दिसती. ठिपका डावीकडं येतो, जरा दम खातो आन् थांबतो. लाट ठरलेल्या उंचीवर आली, तीबी चढताना, उतरताना न्हाई, की मंगच निघतो. तू ती उंची इतकी वर नेऊन ठेवली की लाट तिथवर पोचंना. मंग बसला बिचारा अंधारात.’

त्यांनी बटण जरासं मागे घेतलं आणि लाट परत आली, कुठंच गेलेली नसल्यासारखी.

सर स्वतःही तसेच जायचे, हे कळायला मला पुढं बरेच दिवस लागले. फळ्यासमोर बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबायचे. डोळे उघडे, खडू हातात, पण आत कुणी नाही. शेजारच्या सळयांच्या मिलमध्ये लोखंड लाटायच्या रुळांत शिरलं की दिवे जरा मंद व्हायचे, तसा त्यांचा चेहरा मंद व्हायचा. मग अचानक यायचे आणि तेच वाक्य पहिल्या शब्दापासून सुरू करायचे. पोरांना वाटायचं, सर महत्त्वाचं म्हणून दोनदा सांगतात. त्यामुळे आमच्याकडच्या वह्यांमध्ये काही वाक्यं दोन-दोनदा लिहिलेली असत, आणि परीक्षेतही ती तशीच दोनदा उतरत.

‘सर, कुठं गेल्ते?’ मी विचारायचो.

‘इथंच तर होतो,’ ते म्हणायचे. खोटं नव्हते बोलत. गेलो होतो, हे त्यांना माहीतच नसायचं.

एकदा ते गेले ते येईचनात. आम्ही हाका मारल्या. मी तर कानाजवळ तोंड नेऊन असा ओरडलो की बाजूच्या वर्गातून प्राध्यापक धावत आले. सर ढिम्म. मग घाबरून मी समोरच्या पोरांना म्हणालो, ‘एक जण ऑफिसात पळा. बाकीचे तो टीव्ही बाजूला घ्या.’

सरांचं बोट वर आलं. ‘टीव्ही न्हाई, बाबा...’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आवाज कितीही मोठा असो, त्यांना हवी होती ती ठरलेली उंची. आणि ती म्हणजे माझी चूक.

डॉक्टरांनी हा फिटचाच एक प्रकार म्हणून गोळ्या दिल्या, गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. माझा शोध ऐकून ते हसले. ‘ते आपोआपच येतात हो. तुम्ही बोलत असता, एवढंच.’ स्कोपलाही तसं एक बटण असतं. ते ‘ऑटो’वर ठेवलं की लाट येवो न येवो, ठिपका आपला फिरत राहतो. सर ऑटोवर होते की वाट पाहण्यावर, हे डॉक्टरांना तरी कुठून कळणार? मी ते तपासून पाहायची हिंमत केली नाही. गप्प बसलो आणि ते आलेच नाहीत तर?

सर अंबडला राहायचे. मी रोज त्यांना माझ्या गाडीवर मागे बसवून आणू लागलो. वाटेत खांद्यावरचा त्यांचा हात कधी जड व्हायचा, आणि मागे माणूस नसून पोतं आहे असं वाटून माझ्या मानेवर काटा यायचा. म्हणून जालना येईपर्यंत मी मोठमोठ्यानं चुकीचं इलेक्ट्रॉनिक्स बोलत गाडी हाकायचो. ‘सर, कपॅसिटरात पाणीच भरतात ना?’ सिग्नलवर लोक वळून बघायचे. मागून आवाज यायचा, ‘पाणी न्हाई, बाबा...’ आणि खांद्यावरचा हात पुन्हा हलका व्हायचा. मला वाटतं, माझ्या अडाणीपणाचा एवढा उपयोग आजवर कुणालाच झाला नसेल.

मग सर घरीच पडून राहू लागले. जाणं वाढलं, येणं लांबत गेलं. एका दुपारी सरांच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. मी गेलो तर सर पलंगावर होते. डोळे छताकडे. पंखा फिरत होता आणि त्याची पाती त्यांच्या डोळ्यांत फिरत होती.

‘सकाळपासून असंच हाय,’ वहिनी म्हणाल्या. ‘डॉक्टर येऊन गेले. भावजी, तुम्ही कायतरी चुकीचं बोला ना.’

जन्मभर चुका फुकट वाटत फिरलो, आणि त्या दुपारी एकही सुचेना. जे आठवेल ते बराबर. त्यांनीच शिकवलेलं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी जुनीच बाहेर काढली.

‘सर, टीव्ही बंद पडला का?’

माझा आवाज प्रश्नाच्या शेवटी चढला. सरांचं बोट चादरीवर हललं. डावीकडून उजवीकडे, त्याच चालीनं, न अडखळता. ओठ हलले. ‘टीव्ही न्हाई...’ बोट चादरीच्या कडेला पोचलं आणि हात पलंगावरून खाली घसरला.

आम्ही डावीकडे बघत राहिलो. वहिनी कुजबुजल्या, ‘येतील ना?’ मी मान हलवली. परत येणाऱ्याकडं बघायचं नसतं, म्हणून मी डोळेही मिटून घेतले. उघडले तेव्हा वहिनींनी तो हात उचलून सरांच्या छातीवर ठेवला होता आणि त्यांचे डोळे मिटले होते.

आता प्रयोगशाळेतला तो वर्ग मीच घेतो. तो जुना स्कोप अजून चालतो. परवा पोरांना ट्रिगर, म्हणजे ठिपका निघायची ती ठरलेली उंची, दाखवायचा होता. मी उंचीचं बटण हळूहळू वर नेलं आणि लाट गडप झाली. ‘आता हा वाट पाहतोय,’ असं सांगायला मी तोंड उघडलं. पडदा काळा होता. त्यात माझा चेहरा दिसत होता, आणि बाजूला शेजारच्या मिलच्या धुराचा खिडकीतला पट्टा.

‘सर, टीव्ही बंद पडला का?’ मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं.

‘टीव्ही न्हाई, बाबा. स्कोप म्हण,’ मी म्हणालो. माझं बोट हवेत उजवीकडे जाऊन पोचलं होतं.

कुणी हसलं नाही. सगळी पोरं उभी राहिली होती. पहिल्या बाकावरचा मुलगा तर माझ्या अगदी जवळ येऊन, माझा दंड धरून उभा होता. तो कधी आला, मला दिसलं नव्हतं.

‘सर,’ तो म्हणाला, ‘किती हाका मारल्या आम्ही. कुठं गेल्ते तुम्ही?’

‘इथंच तर होतो,’ मी म्हणालो.