अड्ड्यावरचा मुका हबशी

केजजवळच्या आमच्या गावात म्हाळूएवढा उंच अन् काळा माणूस दुसरा नव्हता. जवानीत तो मुंबईच्या गोदीत हमालीला गेलता. तिथून त्याला चोर-पोलिसांचे पिक्चर काढणाऱ्यांनी उचललं. मूळच्या काळ्या अंगाला आणखी काळा रंग फासला, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप चढवला अन् स्मगलरच्या अड्ड्याच्या दारात हबशी म्हणून उभा केला. बोलायचं नाही, नुसतं गुरगुरायचं. शेवटी गोऱ्यागोमट्या हिरोचा मार खाऊन पडायचं. ज्यांनी जन्मात हबशी पाहिला नव्हता, ते दीडशहाणे म्हाळूला हबशी कसा असतो ते शिकवायचे. त्यांच्या पिक्चरात गुंड काळा, खेडूत बावळट, अन् अक्कल तेवढी सुटाबुटातल्या गोऱ्याला.

विटून म्हाळू गावी आला. सोसायटीचे चेअरमन बंकटराव यांनी त्याला संचालक केलं. बाकी सगळे त्यांचेच भाऊ-भाचे. गरिबाचा माणूस म्हणून एक दाखवायला हवा होता.

बहात्तरच्या दुष्काळात गाव खडी फोडत होतं अन् बंकटरावांना निवडणूक सुचत होती. पाण्याचा टँकर काही त्यांना जमला नाही. तंबू जमला, मशीन जमलं, म्हाळूचा एक जुना पिक्चरही जमला.

पडद्यावर म्हाळू गुरगुरला, तसा तंबू हसला. त्याची बायको केशरबाई मान खाली घालून बसली. पिक्चर संपल्यावर बंकटराव ओरडले, "म्हाळू, पुढं ये बे! गुरगुरून दाखव लोकांना!"

म्हाळू पुढं गेला. म्हणाला, "चेअरमन, पिक्चरवाल्यांनी रंग लावून मुकं केलं. तुमी बिनरंगाचंच केलं. संचालक हाय ना मी? मीटिंगला कवा तोंड उघडू दिलं? हात वर कर, चहा पी, घरी जा!"

"खाली बस, लई झालं!" एक भाचा खेकसला.

"कावून बसू? पाणी कावून आणलं न्हाई, ते सांगा आदी."

बंकटरावांनी मशीन बंद करायला सांगितलं अन् जीपमध्ये बसून निघून गेले. निवडणुकीला त्यांनी म्हाळूला आपल्या पॅनलमध्ये घेतलं नाही. तो विरोधात उभा राहिला अन् सपाटून पडला. पिक्चर फुकट दाखवणाऱ्याला गावानं पुन्हा डोक्यावर घेतलं. विजयाचे पेढे म्हाळूच्या घरीही आले. केशरबाईनं ते आणणाऱ्यासमोरच शेळीपुढं ओतले.

सभासद म्हणून म्हाळूला सभेतून कुणी हाकलू शकत नव्हतं. दर सभेला सगळ्यात आधी तोच उठायचा अन् त्याचा आवाज पार चावडीपर्यंत यायचा.